आंबोसेलीच्या ड्रायव्हरदादांना पत्र

प्रिय दादा,

हे पत्र मराठीत आहे. तुम्हाला इंग्रजीत करून पाठवीनच, पण आधी आमच्या माणसांनी वाचावं असं वाटलं, कारण हत्ती म्हटलं की गणपती आठवणारे वेगळे आणि आमच्या तळकोकणातल्या दोडामार्गातले वेगळे.

2002 साली कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे उतरले. पुढे दोन वर्षांनी, भर पावसात, एका रात्रीत आमची केळीची बाग आडवी झाली. आजोबांनी लावलेले माडसुद्धा ढकलून आतला कोवळा गाभा खाल्लेला. आई तेव्हापासून 'हत्ती' म्हणत नाही, 'तो' म्हणते. त्या आईला मी केनियात, तुमच्या आंबोसेलीच्या राष्ट्रीय उद्यानात, हत्ती बघायला घेऊन आले, म्हणजे माझंही डोकं जरा फिरलेलंच.

गुडघ्यांमुळे तिला तुमच्या उंच लँडक्रूझरमध्ये चढता येत नव्हतं. तुम्ही काही न बोलता मागून सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट काढलात, तो पालथा घालून पायाने दाबून पाहिलात आणि हात पुढे केलात. तीन दिवस, प्रत्येक वेळी. त्या क्रेटबद्दल आधी आभार.

दुसऱ्या दिवशी सकाळचा तो कळप. कोरड्या रानातून दलदलीकडे निघालेला. किलिमांजारोवरचं पाणी जमिनीखालून येऊन इथे वर निघतं, म्हणून एवढ्या धुळीत हिरवं गवत, असं तुम्ही सांगत होतात आणि मध्येच थांबलात. इंजिन बंद. बाकीच्या गाड्या पुढे सिंहामागे पळाल्या, आपण तिथेच. सगळ्यांत पुढची म्हातारी हत्तीण रस्त्यात उभी राहिली, कान पसरले, सोंड उचलून आपला वास घेतला. आईने माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत वळ होते. तुम्ही मागे वळून फक्त 'पोले पोले' म्हणालात, सावकाश. मग एक घुमल्यासारखा आवाज आला, कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. मागे राहिलेल्यांना बोलावतेय, असं तुम्ही म्हणालात. झुडपांतून खरंच आणखी तिघी आल्या, पायांत एक पिल्लू.

नंतरचा तास मी विसरणार नाही. एक हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी बुटकं गवत खरवडत होती. सोंडेने जुडी गोळा करायची, गुडघ्यावर आपटून माती झाडायची, मग तोंडात. आई म्हणाली, "अगो, ही तर भाजी झाडता तशी झाडता!" पिल्लू आईच्या पुढच्या पायांमध्ये शिरून दूध प्यायला लागलं, सोंड बाजूला दुमडून. हत्तिणीचे सड पुढच्या पायांमध्ये असतात हे साठी ओलांडलेल्या माझ्या आईला तोवर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. थोड्या वेळाने ती पुटपुटली, "हेंका हंय माड खंय गावतत?" 'यांना इथे माड कुठे मिळतात?' असं मी भाषांतर केलं आणि तुम्ही स्टिअरिंगवर हात मारून हसलात.

पण मग तुम्ही गंभीर झालात. किमाना गावाकडे तुमच्या भावाचं शेत आहे, टोमॅटो आणि मका. तिथेही रात्री हत्ती येतात. जागत बसणं, डबे वाजवणं, सगळं आमच्यासारखंच. हत्ती मधमाश्यांना घाबरतात म्हणून काही जण कुंपणाच्या तारेवर पोळ्यांच्या पेट्या टांगतात, तेही तुम्ही सांगितलंत. आई इतकं लक्ष देऊन माझंही कधी ऐकत नाही. हत्तींवर पोट असलेला माणूस हत्तींची बाजू घेईल अशी तिची खात्री होती. तुम्ही कोणाचीच घेतली नाहीत. निरोप घेताना तिने तुम्हाला 'झिला' म्हटलं, म्हणजे मुला. हे तेव्हा सांगायचं राहून गेलं.

परवा आमच्या शेजारच्या वाडीत हत्ती येऊन गेला. आईने फोनवर किती केळी गेल्या ते सांगितलं, नेहमीच्या शिव्या घातल्या. मग थोडं थांबून म्हणाली, "एकटोच होतो म्हणतत गो. वांगडा कोण नाय."

आसांते साना, खूप खूप आभार, दादा.

तुमची,
क्रेटवरून चढणाऱ्या बाईंची मुलगी