चित्रकाराचं नाव कुठाय?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच परीकथांवरचा लेख वाचला, मस्त जमलाय, शार्ल पेरो आणि त्याच्या १६९७ च्या पुस्तकाबद्दल मराठीत एवढं निवांत कोण लिहितं हल्ली. पण सोबत चार चित्रं टाकलीत आणि खाली नुसतं ‘जुनी फ्रेंच चित्रं’, चित्रकाराचं नाव एकाचंही नाही, आणि गंमत म्हणजे चारातलं फ्रेंच माणसाचं एकच आहे.

ते म्हणजे लाल टोपीवालीचं. गुस्ताव दोरे, १८६२ ची आवृत्ती. लांडगा आजीची झालरवाली टोपी घालून बिछान्यात पडलाय, शेजारी पोरीने पांघरूण छातीशी ओढलंय आणि तिचे डोळे बघा, नुसती घाबरलेली नाहीये ती, संशय आलाय पण नजर हटत नाहीये. पेरोच्या गोष्टीत तिला वाचवायला कोणी येतच नाही हो, लांडगा खातो आणि गोष्ट संपते, वाचवणारा शिकारी वगैरे पुढे जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत. हे माहीत असलं की त्या चित्रात एकदम पोटात गोळा येतो.

बरं, एकट्या दोरेचं नाव देऊनही भागत नाही. तो लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढायचा, मग कोरणारे कारागीर एकेक रेघ कोरून काढायचे, पिझाँ हा त्यातला नावाजलेला. बहुतेक वेळा खाली एका कोपऱ्यात दोरेची सही आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरणाऱ्याची असते. तुम्ही कॉलमात बसवायला खालची पट्टीच उडवलीत, दोघंही गेले.

बाकीची तीन: सिंड्रेलाच्या काळ्या सावल्या इंग्लंडच्या आर्थर रॅकहॅमच्या, १९१९ च्या. ते लांबुडक्या बोटांचं, नक्षीने गच्च भरलेलं चित्र आयर्लंडच्या हॅरी क्लार्कचं, १९२२ चं, हा माणूस चर्चच्या रंगीत काचा करायचा (मला स्वतःला त्याचं जरा जास्तच नटवं वाटतं). आणि रानडुकराच्या तोंडाचा, एका डोळ्याला भिंग लावलेला, झकपक कपड्यातला तो ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ गोष्टीतला बीस्ट वॉल्टर क्रेनचा, तोही इंग्लिशच. सिनेमामुळे आपल्या डोक्यात आयाळवाला बीस्ट फिट बसलाय म्हणून हा बघायला भारी वाटतो.

लेखकाचं नाव ठळक छापता ना, मग चित्रकाराचं बारीक टायपात तरी छापा, आणि या चौघांची नावं येत्या रविवारी दुरुस्ती म्हणून टाका.

एक नियमित वाचक