लंब्या, त्या रात्रीच्या फोनबद्दल

प्रिय लंब्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. माझा गुडघा होता तसाच आहे, हिचं बीपी गोळीवर आहे, धाकटीची परीक्षा संपली. झालं. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर चार पानं खरडून मुद्दाच राहून जायचा.

अप्पांना ऑपरेशनला आत नेलं त्या रात्री तुझे दोन फोन आले आणि मी ते घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, रेंज नव्हती. तू "असू दे" म्हणालास. ते "असू दे" दीड महिना झाला, खड्यासारखं टोचतंय. रेंज होती, लंब्या. चांगली भरपूर होती. माझा फोन हँग झाला होता, आणि तो हँग झाला गेममुळे.

हस. तू गोळ्या फोडायचा गेम खेळायचास तेव्हा "वयाला शोभतं का हे?" म्हणून वहिनींच्या देखत तुला झापणारा मीच होतो. त्यानंतर महिन्याभरात मी किल्ले बांधायला लागलो. तटबंदी, बुरूज, खंदक, सगळं. लेव्हल ४१२. हिला सांगायचो, ऑफिसचे मेल बघतोय.

सुरुवातीला फोन नुसता कोमट व्हायचा. मग असा तापायला लागला की कानाला लावला तर कान भाजावा. सकाळी शंभर टक्के असलेलं चार्जिंग दुपारपर्यंत पंधरावर. मी आपला बॅटरीला दोष दिला, मग चार्जरला, मग उन्हाळ्याला. शेवटी फोन साफ करून देतो म्हणणारं एक अ‍ॅप घेतलं. त्या गड्याने साफ काही केलं नाही, वर स्वतःच्या जाहिराती सुरू केल्या. म्हणजे घर झाडायला माणूस बोलवावा आणि त्याने ओसरीवर दुकान थाटावं.

आणि गेम तर अडखळायला लागला. मी समजायचो, लेव्हल अवघड आहे. भाच्याने नंतर सांगितलं की फोन फार तापला की आतला प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, म्हणून सगळं रांगायला लागतं. मी चार्जिंगला लावून, उशीवर ठेवून, ब्राइटनेस पूर्ण करून खेळायचो. चार्जिंगची उष्णता, गेमची उष्णता, आणि उशी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. फोन बिचारा तिन्ही बाजूंनी भाजत होता.

आता ती रात्र. पहिला फोन आला तेव्हा बुरूज पडायच्या बेतात होता. वरून तुझ्या नावाची पट्टी आली. लंब्या, तो फोन मी कट केला. लाल बटण दाबलं. मनात म्हटलं, दोन मिनिटांत करतो. हे कुणालाच सांगितलेलं नाही, हिलाही नाही. दुसरा फोन आला तेव्हा मात्र उचलायला गेलो होतो, शप्पथ. स्क्रीनभर कसली तरी जाहिरात, तिची फुली सापडेना, आतून रिंग वाजतेय आणि हिरवं बटण कुठे दिसतच नाही. बोट आपटतोय, काच ढिम्म. रिंग थांबली, फोन आपणहून बंद पडला आणि चालू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसला. बाजूचं बटण दाबून धरून मी अंधारात बसलो होतो. सकाळी बघतो तर तुझा मेसेज. "अप्पांना आत नेलंय." एवढंच.

तुला नोकियाचा 3310 आठवतोय ना? 2000 साली निघालेला, तू सेकंडहँड घेतलेला. त्यातला साप. तुझा साप सगळ्या स्क्रीनभर पसरलेला, रेकॉर्ड मोडायला थोडकं उरलेलं, आणि मी दारातून हाक मारली. तू मान वर केलीस, साप शेपटीला धडकला. आठ दिवस बोलला नाहीस माझ्याशी. तेव्हा मी ऐटीत विचारलं होतं, "माणूस मोठा की साप?" (आणि ते रेकॉर्ड मी नंतर मुद्दाम मोडलं हा तुझा आरोप अजून मान्य नाही. मी फक्त खेळत होतो, ते मोडलं.)

तर भाचा. त्याने पहिल्यांदा बॅटरीचा हिशोब उघडला. दिवसभरातल्या वापरापैकी ६१ टक्के एकट्या गेमचा. मग फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात आपण बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स झोपून राहतात, फोनची स्वतःची तेवढी चालतात. दोन तास फोन थंडगार. म्हणजे दुखणं फोनच्या हाडात नव्हतं, पाहुण्यात होतं. मग म्हणाला, "मामा, हा गेम स्टोअरवरचा नाहीये. कुठून घेतलास?"

आपल्या बॅचच्या ग्रुपवरून. "अमर्याद नाणी" अशी लिंक कुणीतरी टाकली होती. कुणी ते तुला बरोबर कळलं असेल, नाव लिहीत नाही. फोनने तेव्हा इशारा दिला होता, मी "तरीही इन्स्टॉल करा" दाबलं. मग गेमने मागितलेल्या परवानग्या बघितल्या आणि मला घाम फुटला. कॉन्टॅक्ट, मेसेज, माइक, बाकीच्या अ‍ॅपवर स्वतःची खिडकी उघडायची मुभा. ती जाहिरात तुझ्या कॉलवर येऊन बसली ती याच मुभेने. किल्ला बांधायला माझे मेसेज कशाला लागतात रे? आणि मी एकेका प्रश्नाला "हो, हो" करत गेलो होतो, नाण्यांच्या लोभाने.

काढायला गेलो तर अनइन्स्टॉलचं बटण करडं, दाबलंच जाईना. गेमने स्वतःला डिव्हाइस अ‍ॅडमिन, म्हणजे फोनचा कारभारीच, करून घेतलं होतं, तेही माझ्याच संमतीने. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, तेव्हा कुठे बटण जागं झालं. भाच्याने दुसऱ्या फोनवरून माझे सगळे पासवर्ड बदलायला लावले, बँकेचा आधी. ४१२ लेव्हल गेल्या. चोरीचा गेम, त्याचा बॅकअप कुठला असायला?

अनइन्स्टॉल दाबण्याआधी मी थांबलो होतो, हेही सांगून टाकतो. भाचा शेजारी उभा, मेसेज चोरणारा गेम समोर, आणि मला वाटतंय की उत्तरेकडचा तट एकदा बघून घ्यावा. बघितलाही.

फोन आता ठीक आहे, पण मागचं झाकण एका कोपऱ्यात नखभर उचललंय. बॅटरी फुगली आहे. दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगलाही लावायचं नाही, बदलूनच घ्यायची. तोवर बंद करून एका डब्यात ठेवलाय आणि मी धाकटीच्या जुन्या फोनवर आहे. ती दर तासाला येऊन तपासते, बाबांनी काही इन्स्टॉल केलंय का.

तुझं काय? अप्पा काठी न घेता चालतात का? तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना हे वाचून दाखवू नकोस, किंवा दाखव, माझी तेवढी लायकी आहे.

रविवारी सकाळी मी फोन करतो. पहिला कट कर. दुसरा वाजू दे. तिसरा उचल.

तुझा,
बुटक्या