मधुमेहींच्या केसपेपरवर कमरेचं मापही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भद्रकालीत माझं शर्ट-पँट शिवण्याचं दुकान आहे आणि मी मधुमेही आहे. नुकतंच आमच्या भागात मधुमेह शिबिर झालं. साखर तपासली, बीपी घेतलं, वजनकाट्यावर उभं केलं. कमरेला टेप मात्र कुणी लावली नाही. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि पोट सुटलेलं असेल तर आणखी वाढतो. मग नेमकं तेच माप का राहून जावं?

नुसत्या वजनावरून हे कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याशी केली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी माणसं पुष्कळ. आतड्यांभोवतीच्या या चरबीतून निघणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात. मग इन्सुलिनचा असर कमी होतो, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं.

पँटच्या साइजवर तर मुळीच विसंबू नये. चाळिशीनंतर बहुतेक गिऱ्हाइकं पँट पोटाखाली घालतात. कंबर चौतीस सांगतात, पण टेप जरा वर धरली की चाळीस भरते. वर्षानुवर्षं तीच साइज लागते म्हणून बिचारे निर्धास्त असतात. बायकांचं मापही परकराच्या नाडीवर घेतलं तर चुकतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप आडवी धरायची. पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८०, म्हणजे साडेएकतीस. याच्या वर गेलं की डॉक्टरांशी बोलावं. नियमित चालण्याने वजन तेवढंच राहूनही कंबर उतरू शकते. काट्यावर ते दिसत नाही आणि माणूस हिरमुसून चालणं सोडतो.

आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म घरोघरी भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहेच. मग दवाखान्यांत आणि शिबिरांत तो का नसावा? १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला शहरात शिबिरं होतील, तेव्हा आयोजकांनी एवढं जरूर करावं. आमच्या भागात टेप आणि माप घ्यायला माणूस हवा असेल तर मी दुकान बंद ठेवून येईन. बायकांसाठी मात्र नर्सबाई हव्यात.

आपला,
एक टेलर, भद्रकाली, नाशिक