खिडकी नंबर दोनवाल्या काकांना, सहा वर्षं उशिरानं थँक्यू

काका नमस्कार,

मी तुम्हाला आठवणार नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकरावीच्या ॲडमिशनला तुमच्या खिडकीसमोर ज्या शेकडो पोरी घामाघूम होऊन उभ्या होत्या त्यातली एक. खूण म्हणून सांगते, माझ्या पप्पांनी तुमच्याशी वाद घातला होता, "तुम्ही फॉर्म घ्या हो, सल्ला नको" असं म्हणाले होते, आणि तुम्ही आमचा फॉर्म तसाच खिडकीबाहेर सरकवून शांतपणे "पुढचा" म्हणालात. अर्थात त्या दिवशी वाद घालणारे पप्पा पण बरेच असतील, त्यामुळे ही खूणही काही कामाची नाही.

तुम्ही रिटायर झालात हे मला आत्ता कळलं, भावाच्या ॲडमिशनच्या निमित्तानं कॉलेजात गेले होते तेव्हा. खिडकीत आता एक मॅडम बसतात. नंबर कुणी देईना, मग म्हटलं असंच उघड लिहावं, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

तर झालं असं होतं की मला दहावीला ८४ टक्के पडले. त्या वर्षी भाषांचे तोंडीचे २० मार्क बोर्डानं काढून टाकले होते, सगळ्यांचेच मार्क खाली आले होते, पण ते घरी कुणाला सांगायचं, घरी एकच चर्चा की शेजारच्या मुलीला आदल्या वर्षी ९३ होते. शाळेत कल चाचणी घेतली होती त्यात माझा कल आला होता 'गणवेशधारी सेवा', म्हणजे पोलीस, लष्कर असलं. घरात हसून हसून पुरेवाट, कारण मी पीटीच्या तासाला पोट दुखतं सांगून वर्गात बसणारी. कल चाचणीचा कागद फ्रीजवर गेला आणि निर्णय आजीनं घेतला, पोरगी डॉक्टर होणार. मग पप्पा एका क्लासमध्ये चौकशीला गेले, तिथल्या माणसानं सांगितलं की सायन्सला बायफोकल कॉम्प्युटर घ्या, २०० मार्कांचा विषय आहे, पैकीच्या पैकी पडतात, टक्केवारी उचलते. पप्पांना ते इतकं पटलं की येतानाच त्यांनी फॉर्मवर पेनानं टिक करून टाकली. कॉम्प्युटर पण आणि डॉक्टर पण, एकदम सोन्याहून पिवळं.

हा फॉर्म घेऊन आम्ही दीड तास लाइनीत उभे होतो. तुम्ही तो हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि पप्पांना नाही, मला विचारलंत, "पुढं काय करायचं ठरवलंय?" मी म्हटलं, "नीट." म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. तुम्ही फॉर्म उलटा फिरवून माझ्यासमोर धरलात आणि टिकवर बोट ठेवलंत. "मग बायो कुठंय यात?"

खरं सांगते काका, मला प्रश्नच कळला नव्हता. सायन्स म्हणजे त्यात सगळं असणारच असं आम्ही धरून चाललो होतो. बायफोकल घेतलं की दोनशे मार्कांना जागा करायला एक सेकंड लँग्वेज जाते आणि एक ऑप्शनल विषय जातो, म्हणजे माझ्या फॉर्मप्रमाणे मराठी पण गेली होती आणि बायोलॉजी पण, हे ना क्लासवाल्यानं सांगितलं ना आम्ही विचारलं. नीटला ७२० पैकी ३६० मार्क नुसत्या बायोचे, आणि आम्ही तोच विषय काढून टाकून डॉक्टर व्हायला निघालो होतो! (हल्ली थोडी सोय झालीय, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एनएमसीनं, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, नोटीस काढली की बारावीनंतर बायो ॲडिशनल विषय म्हणून देऊन पास झालेल्यांनाही नीटला बसता येईल. पण २०१९ ला अकरावी-बारावी दोन्ही वर्षं रेग्युलर बायो लागायचं, म्हणजे आमचा पत्ता पहिल्याच दिवशी कट.)

पप्पांचा आवाज चढला तो इथं. आपली चूक लाइनीतल्या पन्नास जणांसमोर कळली की माणूस चिडतोच, त्यांना पण दोष देत नाही. तुम्ही "पुढचा" म्हणालात, आम्ही बाजूला झालो, मी रडकुंडीला आले होते आणि मनात तुम्हाला चिक्कार शिव्या घातल्या, त्याबद्दल आता सॉरी.

पण खिडकी बंद झाल्यावर तुम्ही बाहेर आलात. आम्ही बाकावर तसेच बसलेलो. तुम्ही एक रद्द झालेला फॉर्म घेतला, कोऱ्या बाजूला वर लिहिलंत 'बारावीनंतर' आणि खाली 'अकरावी', आणि म्हणालात की लोक खालून वर वाचतात म्हणून फसतात, वरून खाली वाचा. मग पटापट लिहीत गेलात. मेडिकल, फिजिक्स केमिस्ट्री बायो. इंजिनिअरिंग, फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजेच. फार्मसी, फिजिक्स केमिस्ट्री आणि मॅथ्स किंवा बायो कुठलंही एक. ॲग्री, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चालतं पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो) पण चालतं. बीएस्सी नर्सिंग, बायो पाहिजेच. लॉ पाच वर्षांचं, काहीही चालतं. सीए, काहीही चालतं. डिझाइन, काहीही चालतं. 'काहीही चालतं' लिहिताना पप्पांकडे बघून हसलात कारण पप्पांचं मत की सीए फक्त कॉमर्सवालेच होतात.

तो कागद बघून मला पहिल्यांदा कळलं की विषय ही आवडीनिवडीची गोष्ट आहेच, पण काही विषय हे किल्ली असतात आणि काही नसतात, आणि कुठला विषय किल्ली आहे हे फॉर्मवर कुठंच लिहिलेलं नसतं. ते पुढच्या कोर्सच्या माहितीपत्रकात पात्रतेच्या रकान्यात बारीक अक्षरात असतं, आणि ते पत्रक आपल्या हातात दोन वर्षांनी येतं. तेव्हा विषय बदलायची वेळ गेलेली असते.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "दहावीची कुठल्या विषयाची वही शेवटच्या पानापर्यंत भरलीय तुझी?"

मार्क किती असं नाही. आवडतं काय असं पण नाही, त्याचं उत्तर मी पाठच करून आले होते. वही. मी विचार करून सांगितलं, विज्ञान भाग दोन, आकृत्यांची. एक आकृती तर मी तीनदा काढली होती कारण निळा आणि लाल मनासारखा लागत नव्हता. बीजगणिताची वही परीक्षा आली तरी अर्धी कोरी होती. तुम्ही मान हलवलीत, कागदावर बायोच्या भोवती गोल केलात आणि जनरल सायन्स लिहिलंत, इंग्लिश, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. नवा फॉर्म स्वतः आतून आणून दिलात. पप्पांनी भरला, एक शब्द न बोलता.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात अजून दोन गोष्टी बघितल्या त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक मुलगा आला होता, त्याला मशीन, मोटर असलं सगळं आवडायचं, घरी लवकर कमावायला लागायचं प्रेशर होतं. त्याला तुम्ही अकरावीचा फॉर्मच दिला नाहीत. म्हणालात आधी पॉलिटेक्निकची चौकशी कर, तीन वर्षांचा डिप्लोमा, मग नोकरी कर नाहीतर डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला जा. स्वतःच्या कॉलेजची ॲडमिशन स्वतःच्या हातानं घालवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. आणि दुसरी माझीच मैत्रीण, ८८ टक्के घेऊन आर्ट्सचा फॉर्म मागत होती, मागचे लोक कुजबुजायला लागले की बिचारीचं काय झालं असेल. तुम्ही विचारलंत, "शिक्षा म्हणून आलीस का हौसेनं?" ती म्हणाली हौसेनं. "मग सायकॉलॉजी आणि लॉजिक दोन्ही आहे आपल्याकडं, बघ." एवढंच. तिनं पुढं पाच वर्षांचं लॉ केलं.

आता थोडं भांडण. तुम्ही मला चारही विषय ठेवायला लावलेत, मॅथ्ससकट, "दोन्ही दारं उघडी राहू देत" म्हणून. काका, ते दार मी दोन वर्षं नुसतं उघडं धरून उभी होते आणि हात भरून आला. फिजिक्स केमिस्ट्री बायोचे जर्नल, वर मॅथ्सचे जर्नल, इंटिग्रेशन मला आजही स्वप्नात येतं. एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे ग्रुप आहेत, मी दोन्ही भरले आणि धड एकाचाही अभ्यास झाला नाही. मॅथ्स सोडून जॉग्रफी घेतलेल्या मुली माझ्याच वर्गात होत्या, निवांत होत्या. सायन्स घेतलं की सगळीकडे जाता येतं हे सगळे सांगतात आणि कागदावर ते खरंही आहे, पण त्याचं भाडं कुणाला भरावं लागतं ते कुणी सांगत नाही. वही अर्धी कोरी आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? मग तिथं तुम्ही कच खाल्लीत असं माझं मत आहे. बहुतेक पप्पांना अजून एक धक्का नको म्हणून.

पण दुसरी एक गोष्ट तुम्ही जाता जाता बोललात ती मला वाचवून गेली. "अकरावी म्हणजे सुट्टी समजू नको." सगळेच म्हणतात हे, बारावीची मुलं मात्र उलटं सांगायची, अकरावीचे मार्क कुणी विचारत नाही, झोपा काढा. मी तुम्हाला घाबरून सहामाही आणि चाचण्या नीट दिल्या. मग लॉकडाऊन लागलं, अकरावीची वार्षिक झालीच नाही, आणि २०२१ ला तर बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द. निकाल लावला तो दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून. झोपा काढलेल्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते. तुम्हाला करोना येणार हे माहीत असणं शक्य नाही, पण मला तेव्हा क्षणभर वाटलं होतं की माहीत होतं.

नीट दिली, १२ सप्टेंबर २०२१ ला, मास्क लावून. एमबीबीएस मिळावं एवढे काही आले नाहीत. घरी आठवडाभर कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग मी तुमचा तो कागद काढला, कंपासपेटीत घडी करून ठेवलेला, आणि वरून खाली वाचला. बायोचा गोल केलेला होता. त्या गोलाखाली अजून चार-पाच नावं होती जी दोन वर्षांपूर्वी आम्ही वाचून न वाचल्यासारखी केली होती. मी बीएस्सी नर्सिंग घेतलं. आता शेवटच्या वर्षाला आहे, आयसीयूची पोस्टिंग चालू आहे. आजी लोकांना अजून 'डॉक्टरकीसारखंच' असं सांगते, मी दुरुस्त करत नाही, पण मला स्वतःला ते 'सारखंच' नकोय, मला हेच पाहिजे होतं हे पेशंटजवळ पहिली रात्रपाळी केली तेव्हाच कळलं. ड्रिपचा रेट काढताना मॅथ्स लागतं म्हणा, पण ते सातवीतलं त्रैराशिक, इंटिग्रेशन नाही. आणि हो, गणवेश आहे. कल चाचणीवाल्यांची माफी मागायची राहिली.

त्या दिवशी तुम्हाला थँक्यू म्हणायचं सुचलंच नाही. पप्पा पुढं निघून गेले होते, मी त्यांच्यामागं पळाले. पप्पा आज पण तुमचं नाव काढलं की "तो माणूस" म्हणतात, पण आमच्या भावकीत कुणाचं पोर दहावी झालं की तेच सांगतात, आधी वरून खाली वाचा.

आता धाकट्याचं. त्याची दहावी झाली मे महिन्यात. २०२५ पासून अख्ख्या राज्यात अकरावी ऑनलाइन केलीय, आमच्या वेळी ते फक्त काही मोठ्या शहरांतच होतं. फॉर्मचा भाग एक, भाग दोन, दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम, पहिल्या नंबरचं मिळालं तर तिथंच जावं लागतं. सगळं मोबाइलवर, लाइन नाही, घाम नाही. पण स्क्रीन काही चष्मा कपाळावर ढकलून "मग बायो कुठंय यात" असं विचारत नाही, टिक केली की पुढं जाते. त्याला कॉमर्स घ्यायचंय, सीए व्हायचं म्हणतो, आणि अडलंय ते मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) इथं. एसपी सोपं, मार्क पडतात, सगळे मित्र तेच घेतायत. सीएला बारावीचं मॅथ्स कम्पल्सरी नाही हे मला माहितीय, पण फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, एक अख्खा पेपर गणित, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा आहे हे पण माहितीय.

म्हणून परवा मी त्याला तुमचा प्रश्न विचारला. कुठल्या विषयाची वही शेवटच्या पानापर्यंत भरलीय?

"कुठलीच नाही," म्हणाला, आणि त्याला जराही लाज वाटली नाही.

मी त्याच्या सगळ्या वह्या खाली काढल्या. खरंच कुठलीच भरली नव्हती. पण इतिहासाच्या वहीची मागची अकरा पानं भरलेली होती, मॅचचे आकडे, प्रत्येक ओव्हरनंतरचा रन रेट, लागणारा रन रेट, डाव्या बाजूला भागाकार हातानं केलेले, तीन-तीन दशांश स्थळांपर्यंत. खोडून परत केलेले.

काका, मागची पानं मोजायची का?

तुमची,
२०१९ ची, बायो नसलेला फॉर्म घेऊन आलेली मुलगी