स्वस्तातली बोट आणि आमची साहेबी

महाद्वार रोड, कोल्हापूर
४ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर सोलापूरची पार्टी आधारकार्डं पसरून उभी होती. "मग बोलतो" म्हटलं आणि ते राहूनच गेलं. शिवाय तू विचारलंस, "बोट कशी होती, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही जावं का?" हे फोनवर हो-नाही करून भागणारं नाही. म्हणून पावसात बसून लिहितोय. पंचगंगेचं पाणी घाटावरच्या देवळांत शिरलंय, लॉजच्या बावीस खोल्यांतल्या सहा भरल्यात. सवडच सवड आहे.

आम्ही गेलो ते क्रूझच्या बोटीनं, सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर, चार रात्री. मी, ही आणि आई. जुलैत गेलो कारण जुलैत दर निम्म्यावर आला होता. का आला, हे विचारायची अक्कल मला असायला हवी होती. नदीला पाणी चढलं की माझेही दर उतरतातच की! आपलं राधानगरी भरवणारा नैऋत्येचा पाऊसच तिकडं फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा घेऊन येतो. तिथल्या पातोंग किनाऱ्यावर बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर नांगर टाकते आणि माणसं छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जातात, त्या होड्यांना टेंडर म्हणतात. लाटा असल्या की टेंडर बंद. आमचं तेच झालं. सकाळी आठ वाजता स्पीकरवर कप्तानाचा आवाज आला आणि फुकेत आम्ही कठड्याला टेकून लांबून बघितलं. हिनं त्यासाठी घेतलेली टोपी अजून पिशवीतच आहे.

लोक खवळले. काउंटरवर ही रांग! मीही उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. उत्तर एकच, अटी वाचा. खरंच लिहिलेलं होतं की हवामानामुळं बंदर वगळायचा अधिकार कप्तानाला आहे. आमच्या अटीत फक्त बंदराची फी परत द्यायचं कबूल होतं, ती आमच्या खात्यात जमा झाली. खात्यात म्हणजे बोटीवरच्या. तिथं रोख चालत नाही, केबिनचं कार्ड दाखवायचं आणि शेवटच्या दिवशी बिल घ्यायचं.

आता पैशाचं, कारण खरी गोम तिथं आहे. तिकीट स्वस्त असतं ते आपल्यावर माया आहे म्हणून नव्हे. आपल्याकडं खानावळीत तांबडा-पांढरा हवा तेवढा वाढतात आणि मटणाची प्लेट मोजून देतात, तसं समज. बफे, गाण्याचे कार्यक्रम, पोहायचा तलाव हा रस्सा. दारू, वायफाय, स्पेशल हॉटेलातलं जेवण, फोटो, बंदरावरच्या सहली आणि जुगारखाना ही प्लेट. बोट समुद्रात बाहेर पडली की जुगारखान्याचे दिवे लागतात, बंदरात असली की बंद. तिथं हरणाऱ्यांच्या जिवावर आपलं जेवण स्वस्त, असं मी हिला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांना नमस्कार तरी करून या."

टिपेचं मात्र आधी डोक्यात घे. माणशी, दर रात्री, साधारण वीस सिंगापूर डॉलर, न विचारता बिलात. आम्ही तिघं, चार रात्री, म्हणजे दोनशे चाळीस डॉलर. आपले पंधरा हजारांच्या वर गेले. एजंटानं ते छोट्या अक्षरांत सांगितलं होतं आणि मी चष्मा लावला नव्हता. अजून एक, मोबाईल फ्लाइट मोडवर टाक. बोटीचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क असतं, फोन गुपचूप त्याला चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

केबिन आतली होती. आतली म्हणजे खिडकीच नाही. दिवा घालवला की दिवस की रात्र कळत नाही, आई पहाटे म्हणून दोनला उठून आंघोळीला बसली. तिसरी गादी वरून, भिंतीतून खाली येते. त्यावर मी. आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचा अप्पर बर्थ बरा! आणि बाथरूमच्या मोरीला पहिल्या दिवसापासून वास. मी दोनदा फोन केला, कोणी आलं नाही. तिसऱ्यांदा खाली जाऊन आवाज चढवला. "आम्ही पैसे मोजलेत!" हे वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. भावा, हे वाक्य मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून वीस वर्षं ऐकतोय.

मग केबिनचा पोरगा आला, हातात ब्रश आणि बाटली. आई त्याला कोल्हापुरीत झाडायला लागली, तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही कोल्हापूरच्या? मी चंदगडचा." झालं. आईचा राग चंदगडच्या काजूंवरून थेट त्याच्या आईच्या गुडघेदुखीपर्यंत जाऊन थांबला. वास काही पूर्ण गेला नाही, कारण दोष पाइपात होता आणि पाइप त्याच्या हातात नव्हता. पण जेवढं हातात होतं तेवढं त्यानं दिवसातून दोनदा केलं.

त्याच्याकडं वीसच्या वर केबिनी होत्या. नऊ महिन्यांचा करार, त्यातला सहावा चालू. बोटीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत नासाऊ लिहिलेलं होतं, म्हणजे नोंदणी बहामाची. तिथला कायदा, इथला माणूस आणि तिसऱ्याच देशाचे प्रवासी. खलाशांसाठी २००६चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात कामाची कमाल मर्यादा चोवीस तासांत चौदा आणि आठवड्यात बहात्तर तास ठरवलीय. मर्यादाच एवढी! माझ्या लॉजवरच्या पोरांना मी बारा तास राबवतो म्हणून ही मला बोलते, तर बोटीवर मी चार दिवस जरा ताठ चाललो.

शेवटच्या रात्री तो दारात घुटमळला. "दादा, मेलवर फॉर्म येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी वरचे विचारतात, कुठं कमी पडलास." मी त्या वेळी "बघतो" म्हणालो. माझ्या लॉजला गेल्या महिन्यात एकानं एक स्टार दिलाय. कारण, देवळातून आवाज येतो. अंबाबाईच्या देवळाजवळ खोली घेतलीय ना बाबा!

चांगलं काय होतं तेही लिहितो, नाहीतर म्हणशील नुसता रडतोय. जेवण खरंच चांगलं, जैन काउंटरसुद्धा वेगळा. पेनांग तर फार आवडलं. जॉर्ज टाउन २००८पासून जागतिक वारसा यादीत आहे, धक्क्यावरून चालतच जुन्या गल्ल्यांत शिरता येतं. आम्ही बोटीची सहल घेतलीच नाही, पायी फिरलो, आईनं तमिळ बाईकडून मोगऱ्याचा गजरा घेतला. सुरुवातीची सुरक्षेची कवायत अर्ध्या लोकांनी टवाळीत काढली, आईनं नाही. तिच्या वडिलांनी तिला रामदास बोट बुडाल्याचं सांगितलेलं, १७ जुलै १९४७. जाकीट कुठं आहे ते तिनं तिथल्या माणसाला दोनदा विचारलं. २०१२ला इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता बोट निघण्याआधी किंवा निघताच कवायत घ्यावीच लागते.

तर तू जा. पण जाहिरातीतल्या फोटोवरून ठरवू नकोस. त्यात नवरा-बायको रिकाम्या डेकवर उभे असतात, रिकामा डेक मी पहाटे पाचला एकदा पाहिला. बोटीचं ग्रॉस टनेज बघ, ते वजन नसून आतली जागा असते. त्याला प्रवाशांच्या संख्येनं भाग. उत्तर चाळिसाच्या पुढं आलं तर ऐसपैस, तिशीच्या आसपास आलं तर लिफ्टपाशी रांग लावायची तयारी ठेव. वहिनींना खिडकीची केबिन घे, टिप धरून हिशोब कर आणि पावसाळ्यात जाऊ नकोस. एवढं करून परवडत नसेल तर खुशाल माझ्याकडं या, रंकाळ्यावर फिरू. खोलीला खिडकी आहे.

आणि हो, त्या फॉर्मचं. मी त्या पोराला दहापैकी दहा दिले आणि खाली मोरीबद्दल अर्धं पान लिहिलं. आईनं बोटीवर आणायला बंदी असलेलं जयसिंगपूरचं भडंग बॅगेच्या तळाशी दडवून नेलं होतं, ते उतरताना त्याच्या हातात कोंबलं. त्यानं ते झटकन टॉवेलच्या ढिगाखाली सरकवलं आणि पुढच्या केबिनची बेल वाजवली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
लॉजवाला