'शाम्पू' आपल्याच घरचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठीत घुसलेल्या इंग्रजी शब्दांची यादी आली होती. तिच्यात 'शाम्पू' पाहिला आणि राहवलं नाही.

शाम्पू हे मुळात बाटलीतल्या वस्तूचं नाव नव्हे, क्रियापद आहे. आणि तेही आपल्या बाजूचं. हिंदीतलं 'चाँपना' म्हणजे दाबणं. त्याचं आज्ञार्थी रूप 'चाँपो'. इंग्रजीत ते १७६२ पासून छापलेलं सापडतं, अर्थ फक्त अंग रगडणं. केसांचा काही संबंधच नव्हता. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी पुढे इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढलं. गिऱ्हाईक वाफेत बसायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू, आणि मालीश करणारा त्या तंबूच्या बाह्यांतून हात घालून त्याचं अंग चेपायचा! राजा चौथा जॉर्ज याचे ते 'शाम्पूइंग सर्जन' झाले. केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला, आणि मग धुण्याच्या पदार्थालाच ते नाव पडलं.

आम्हा इंदूरकरांना तरी हे परकं वाटू नये. रामबागेतल्या आमच्या घरी दिवेलागणीनंतर आजी खाटेवर पाय पसरून म्हणायची, "अगं, पोटऱ्या चेप गं जरा." मी तेलाची वाटी घेऊन बसायची. घोट्याच्या वर तिची एक शीर धरलेली असायची, तिथे अंगठा टेकला की ती डोळेच मिटायची. माझे हात दुखले की कामाच्या बाई पुढे सरायच्या, "लाओ माँजी, मैं चाँप दूँ." एका खाटेपाशी दोन्ही शब्द नांदत होते. शेजारी रामायण चालायचं, त्यात लंकाकांडात अंगद-हनुमान प्रभूंचे पाय 'चापत' बसतात, तेही हेच. आपण नऊवारी चापून-चोपून नेसतो आणि न्हाव्याकडे चंपी करून घेतो, तेव्हा कोणी त्याला इंग्रजी म्हणत नाही.

आपली पुरवणी माझी नात कापून वहीत चिकटवते आणि शाळेत दाखवते. ती यादीही चिकटवून झाली आहे. तेवढ्यासाठी येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर