धोपाव्याच्या मेकॅनिककाकांना आणि गुहागरच्या आजींना

अलिबाग ते मालवण, सागरी मार्गाने, बारा वर्षं जुन्या गाडीवर. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली, धोपाव्याचा चढ लागला आणि क्लचची केबल तुटली.

गाडी ढकलायला धावलेल्या दोघा पोरांनो, नावं विचारायची राहिलीच. मेकॅनिककाका, जेवणाच्या ताटावरून उठलात तुम्ही! केबल बदललीत, वर न सांगता चेनही पाहिलीत. वाळू आणि खाऱ्या वाऱ्याने ती करकरत होती. रॉकेलने पुसून, नव्वद नंबरचं ऑइल सोडून, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून ताणलीत. "फार टाईट नको, दोन बोटं हलू दे," म्हणालात. केबलचे पैसे घेतलेत, चेनचे नाहीत. (शहरात एवढ्याचं वेगळं बिल होतं.)

आणि गुहागरच्या आजी, लॉज परवडेना म्हटल्यावर पडवीत चटई टाकून दिलीत. रात्री बॅटरी घेऊन बाहेर आलात, "माडाखालून काढ हो गाडी, नारळ पडेल टाकीवर." सकाळी मऊभात, मेतकूट, तूप. पैसे पुढे केले तर रागावलात. मग मी ते उशीखाली ठेवले, सापडले असतील.